आखूड घागरा

११ मार्च १९८६

वंदनाचं जमलं. सौसरला. सुधाकरशी.

होय, त्याच सुधाकरशी. मागच्याच महिन्यात ज्यांच्याकडून "गुण जुळत नाहीत" असा निरोप आमच्या घरी आला, त्याच घरात. वंदनाचं दार आमच्या दारापासून चौथं. पहिलीपासून अकरावीपर्यंत एका बाकावर बसलो आम्ही. लीलाकाकू, म्हणजे तिची आई, स्वतः पेढे घेऊन आली. आईच्या हातावर पेढा ठेवून म्हणाली, "नशिबाच्या गोष्टी असतात व बाई. आपल्या हातात काय आहे?" आईने तो तोंडात घातला. घातला! मी आत चुलीपुढे जाऊन बसले.

वंदना आली नाही. यायला तोंड पाहिजे.

१२ मार्च

माझा पेढा मांजरीला टाकला. तिनेही हुंगून सोडला. शहाणी आहे.

१६ मार्च

लीलाकाकू परत आली. या वेळी मागायला.

"शकुंतले, तुझ्या त्या बाहुल्या वंदनाच्या रुखवतात मांडू दे ना. तुझ्या तर पेटीत पडूनच राहिल्या."

पडूनच राहिल्या! दोन वर्षं डोळे फोडून केल्यात मी त्या. वीतभर उंच, तारेच्या पायांच्या, आत घरच्या शेतातला कापूस. प्रत्येकीचा वेश वेगळा. बंगालची लाल काठाच्या पांढऱ्या साडीत, पदराला पत्र्याच्या बारीक किल्ल्या. गुजरातचीचा पदर उजव्या खांद्यावरून पुढे आलेला. केरळची दोन पांढऱ्या तुकड्यांत. आसामची, काश्मीरची, पंजाबची. कुर्गची मासिकातल्या चित्रावरून केली. तिच्या निऱ्या पाठीमागे असतात, ते जमेना म्हणून तीनदा उसवली. सगळ्यात अडले ती मध्य प्रदेशपाशी. आम्ही नकाशात मध्य प्रदेश, पण पांढुर्ण्याच्या बाजारात बाया दिसतात त्या लुगड्यात. महाराष्ट्राची केली तर तीही लुगड्यातच. शेवटी महाराष्ट्राचं लुगडं घोट्यापर्यंत सोडलं आणि आमचं पोटरीवर ठेवलं. बाबा पाहून म्हणाले, "बरोबर आहे. आपल्या बायाइले चिखलात चालायचं असते."

माझ्या रुखवतात मांडायच्या होत्या त्या. सौसरच्या बायांनी एकेक हातात घेऊन पाहायच्या होत्या. आता पाहतीलच म्हणा, वंदनाच्या नावाने.

मी नाही म्हणणार, तोवर आईने हो म्हणून टाकलं. शेजारधर्म! एक राजस्थानची तेवढी नव्हती. तिला उंदरांनी कुरतडलं. "ती नवी करून देशील ना पोरी?" लीलाकाकू म्हणाली. वर ही फर्माईश.

२३ मार्च

आज सगळं कळलं.

भैय्याजी आले होते. ते बाबांचे मावसभाऊ. सौसर-पांढुर्ण्यातली निम्मी लग्नं त्यांनी जमवलीत. माझं त्यांनीच आणलं होतं, वंदनाचंही त्यांनीच. बाबा शेतात, आई दळण आणायला गेलेली. मी पाणी दिलं. माझ्याकडे बघून सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "मनाले लावून नको घेऊ पोरी. नागपूरले औषध भेटते म्हणते आजकाल. लवकर दाखवलं तर कोड पसरत नाही."

"कोणाचं कोड?"

त्यांनी जीभ चावली. मी भांडं हातातून काढून घेतलं आणि समोर उभी राहिले. मग बोलले.

"सुधाकरच्या आईनं, मनकर्णाबाईनं सोता पाह्यलं ना व. छब्बीस जनवरीले, शाळेच्या मैदानात. तू ते राजस्थानचं नाचून राहिली होती. घागरा फिरला अन् घोट्यावर पांढरं दिसलं. माईकवर तुझंच नाव घेतलं होतं. गुणाबिणाचं मीच जोडून सांगितलं मंग. असं तोंडावर थोडी सांगता येते?"

मी म्हटलं, "भैय्याजी, मी राजस्थान नव्हते. मी बंगाल होते."

"असू दे," ते म्हणाले. त्यांना वाटलं मी झाकतेय. वरून जाता जाता सांगून गेले, "लीलाबाईले मी तवाच बोललो होतो. ते म्हणे, तिच्या घरी सांगू नका, पोट्टीले दुःख होईल."

म्हणजे लीलाकाकूला माहीत होतं. म्हणजे वंदनालाही. मला दुःख होऊ नये म्हणून गप्प राहिल्या दोघी, आणि त्या गप्पपणात नवरा मिळवला.

२४ मार्च

काल पुढचं लिहवलं नाही.

सव्वीस जानेवारीला शाळेत कार्यक्रम होता, 'भारत की नारी'. प्रत्येक राज्याचा वेश घालून एकेक मुलगी. मोठ्या बाईंनी आम्हा जुन्या मुलींनाही बोलावलं, कारण वेश ठरवले ते माझ्या बाहुल्या पाहून. यादीत माझ्यापुढे राजस्थान, वंदनापुढे बंगाल. घागरा मारवाडी गल्लीतून मागून आणलेला. मी ही अशी उंच. मला तो नडगीवर आला. सगळ्या खिदळल्या. म्हणून आयत्या वेळी आम्ही अदलाबदल केली. तिने घागरा घातला, छातीपर्यंत घुंगट ओढला, पायात घुंगरू. मी लाल काठाची साडी नेसून मागच्या रांगेत. सरांनी माईकवर जुनी यादीच वाचली: "राजस्थान, कुमारी शकुंतला." पडद्यामागे हसलो होतो आम्ही त्याला.

सुधाकरची आई मला परत एकदा पाहायला म्हणून सौसरहून आलेली, पहिल्या रांगेत बसली होती. त्याआधी घरी मला बघायला आली तेव्हा मी मान खाली घालून बसलेली, त्यामुळे तिने पाहिला तो माझा भांगच. घुंगटातली कोण आणि मागची कोण, तिला काय कळणार?

आणि तो डाग. डाव्या घोट्यावर, बाहेरच्या बाजूने, रुपयाएवढा. सातवीत जाम नदीवर कपडे धुवायला गेलो होतो तेव्हा मी पाहिला. वंदनाने माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून शपथ घातली. मी आजपर्यंत आईलासुद्धा सांगितलं नाही. ती उन्हाळ्यातही मोजे का घालते असं कोणी विचारलं तर "तिच्या पायाला भेगा पडतात" असं मीच सांगत आले. तिचा डाग मी सात-आठ वर्षं झाकला. तिने तो माझ्या पायावर चिकटवला.

केसाने गळा कापणे म्हणतात ते हेच.

२५ मार्च

आईला सांगितलं. आईने बाबांना. मला वाटलं बाबा सौसरला जातील, सगळं साफ होईल. माझे पाय स्वच्छ आहेत, कोणीही येऊन पाहावेत.

बाबा पाटावरून उठलेच. "बाजारातली गाय आहे का माझी पोर, पाय उचलून दाखवाले? नाही पाहिजे ते सौसर."

आई रात्रभर रडून सकाळी मला म्हणाली, "वंदनाचं नाव तोंडातून काढू नको. लोक म्हणतील, तिचं जमलं म्हणून हे जळून राहिली."

खरं आहे. असंच म्हणतील. जळतेच आहे मी, लपवायचं कशाला? पण लोक ज्यासाठी म्हणतील त्यासाठी नाही. सुधाकर तहसील कचेरीतला बाबू, केस तेलाने थापलेले, पाच वाक्यंही बोललो नव्हतो. तो गेला तर गेला. माझं नाव गेलं. भैय्याजी सौसरपासून बोरगावपर्यंत ज्या ज्या ओसरीत चहा पितात तिथे तिथे आता माझ्या पायाला कोड आहे.

तोंडाने बोलायची सोय नाही. ठीक. हाताने बोलेन.

४ एप्रिल

वंदना आली! सुई-दोरा घेऊन, मदतीला म्हणून. मी नव्या राजस्थानीच्या घागऱ्याला टिकल्या लावत होते. मोजे घातलेलेच. पाय मांडीखाली घेऊन बसली, लहानपणापासून बसते तशी.

"तू माह्यावर रागावली का व?"

"मी कशाला रागावू?"

"सुधाकरचं..."

"त्याचं काय? गुण जुळले नाहीत आमचे. तुझे जुळले. किती जुळले गं?"

तिने टिकल्यांची डबी उगाच हलवली. पत्रिका पाहिलीच नसणार!

मग मी सहज म्हटलं, "वंदने, मारवाडी गल्लीतून तो घागरा परत मागून आणू का? एकदा घालून गिरकी घेऊन दाखव. बाहुलीचा घेर कसा पडतो ते पाहते."

तिचा चेहरा असा उतरला की मला बघत बसावंसं वाटलं. "काहून?" म्हणाली. मी म्हटलं, "बरोबर दिसायला नको का? सव्वीस जानेवारीला सगळ्यांना किती आवडला होता." मग ती एकदम उठली. घरी पाहुणे येऊन राहिले म्हणे. सुई इथेच विसरली.

थोडी दया आली का? आली. दरवाजा बंद केल्यावर गेली.

१२ एप्रिल

ठरलं.

रुखवत मांडवात सगळ्यांसमोर असतं. नवऱ्याकडच्या बाया येऊन एकेक वस्तू उचलून पाहतात, नावं ठेवतात, उखाणे घेतात. सगळ्यात आधी मान नवऱ्या मुलाच्या आईचा. मनकर्णाबाईंचा. बाहुल्या असल्या की बाया काय करतात हे मला चांगलं माहीत आहे. आधी पदर उचलतात, मग खालून निऱ्या उचलून पाहतात, आत शिवण कशी आहे म्हणून.

राजस्थानचीचा घागरा घोटाभर आखूड ठेवायचा. डाव्या घोट्यावर डाग. आणि घुंगट उचलला की आत वंदनाचा चेहरा. तिच्या हनुवटीवर उजवीकडे तीळ आहे. तो काढला की झालं, नाव लिहायची गरज नाही.

मांडवातच कळू दे. अंतरपाटाच्या आधी. मला निरोप तरी घरी बसून मिळाला होता.

२ मे

झाली. माझ्या सगळ्या बाहुल्यांत ही सुंदर झाली, हे लिहिताना लाज वाटतेय. लाल घागरा, पिवळी ओढणी, गोटा लावलेला. डोळे वंदनासारखे थोडे खाली वळलेले. डाग बाबांच्या तंबाखूच्या डबीतल्या चुन्याचा. आधी मोठा झाला, पुसला, परत काढला. रुपयाएवढा डाग वीतभर बाहुलीवर केवढा होईल ते डोळ्यांनी मापलं.

आई म्हणाली, "किती मन लावून करून राहिली व तू. देव तुझं भलं करो." मी चुन्याची डबी जागेवर ठेवून आले.

११ मे

लग्न लागलं. काहीच झालं नाही. सविस्तर लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

सौसरची वरात दुपारी आली, दोन ट्रक आणि एक जीप. ऊन असं की मांडवातही पायाखालची जमीन भाजत होती. मी मुद्दाम रुखवताजवळ उभी राहिले. चकल्यांचा मनोरा, लोकरीचं तोरण, आणि पुढच्या रांगेत माझ्या बाहुल्या. लीलाकाकूने येऊन माझ्या गालावरून हात फिरवला, "तुझ्याच बाहुल्याइनं शोभा आली." खाई त्याला खवखवे म्हणतात. हिला काहीच खवखवत नव्हतं.

मग विहिणीचे पाय धुवायचे. पाट मांडला, परात ठेवली, लीलाकाकू तांब्या घेऊन खाली वाकली. मनकर्णाबाई पाटावर बसली खरी, पण पाय पुढे करेना. हिरवं जरीचं लुगडं असं खाली सोडलेलं की बोटंही दिसत नाहीत. आमच्याकडच्या बाया लुगडं पोटरीवर ठेवतात. हिचं जमीन झाडतं. मला बघायला आली होती तेव्हाही ओसरीत चढताना पाय धुवायला पाणी दिलं तर "राहू द्या" म्हणाली होती. मालकीणपणा! आजही तेच. "राहू द्या, मानलं म्हणजे झालं," म्हणाली आणि परातीतल्या पाण्याला नुसता हात लावला. लीलाकाकू तांब्या घेऊन तशीच वाकलेली. मागे बाया कुजबुजल्या, "केवढा तोरा आहे पाहा." मला गार वाटलं. म्हटलं ही सुरुवात आहे, थांब.

मग ती रुखवताकडे आली. एकेक बाहुली पाहत. बंगालचीच्या किल्ल्या वाजवून पाहिल्या, हसली. आमच्या मध्य प्रदेशचीजवळ थांबली, तिच्या उघड्या पोटऱ्यांकडे पाहत राहिली. मग राजस्थान.

ओढणी उचलली. तीळ पाहिला. मान वळवून वंदनाच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग बाहुली आडवी केली आणि घोट्याला बोट लावलं. चुना बोटाला लागला असावा, कारण तिने ते बोट लुगड्याला पुसलं. मी एवढी जवळ होते की तिच्या हातातल्या पाटल्या वाजलेल्या मला ऐकू आल्या.

मागून कोणीतरी विचारलं, "कोणी केल्या व ह्या?"

लीलाकाकूनेच सांगितलं. "हे शकुंतला. वंदनाची मैत्रीण."

तिने माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच पाहिलं, तोंड, उंची, सगळं. मग माझ्या पायांकडे. मी चपला काढलेल्या होत्या. साडी मुद्दाम घोट्याच्या वर नेसले होते. तिने पाहावं म्हणूनच.

पाहिलं. तिला सगळं कळलं, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. आता ओरडेल, आता सुधाकरला बोलावेल. ती खाली बसल्यासारखी वाकली, बाहुली आपल्या पिशवीत घातली, आणि म्हणाली, "हे मी नेते." बस. एवढंच. जाऊन पुढच्या रांगेत बसली. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. माझ्याही हातातल्या पडल्या.

१२ मे

का गप्प बसली ती? का?

२० जून

दिवसभर तेच डोक्यात. मला सोडलं त्याच डागासाठी, आणि तोच डाग ट्रकमध्ये बसवून घरी नेला. म्हणजे मी डोळ्यांत भरले नव्हते. डाग हे निमित्त होतं. नाहीतर लीलाकाकूने हुंड्याचं जास्त कबूल केलं असेल. पैशाने कोड पांढरं दिसत नसेल.

भैय्याजी एक स्थळ घेऊन आले. बिजवर, दोन मुलं, वय चाळीसच्या पुढे. "आता असंच पाहावं लागते पोरी," म्हणाले. बाबांनी त्यांना चहा न देता घालवलं. मी आत बसून दात खाल्ले. बिजवर वंदनाला का नाही मिळाला? तिचा पाय, माझा बिजवर.

९ जुलै

बंगालची, पंजाबची सगळ्या परत आल्या. लीलाकाकूने टोपलीतून पाठवल्या. कुर्गचीच्या निऱ्या सुटलेल्या. राजस्थानची नाही. तिचं नावही कोणी काढत नाही.

६ सप्टेंबर

पोळा झाला, काल नदीच्या दोन काठांवरून दगड मारायची गोटमार झाली. सावरगावकडची पोरं अजून कपाळाला पट्ट्या बांधून फिरताहेत. मी म्हटलं बरं आहे बाबा तुमचं, ज्याला मारायचं त्याला समोरून मारता.

वंदना माहेरी आली आहे. आज माझ्याकडे आली. मोजे नव्हते! डाग उघडा. मी त्याच्याकडे पाहिलं, तिने पाहू दिलं.

"मले सारं मालूम होतं," ती म्हणाली. "आई म्हणे बोलू नको. मी बोलली नाही. तुले काय सांगू, असा नवरा पुन्हा कोणी दिला नसता मले. तू तर उंच, गोरी, तुले कोणीही..."

"मला बिजवर आला, वंदने."

मग ती रडली. मी नाही. पाणीही दिलं नाही. विचारलं, "सासूने काय केलं तुझं?" मला ऐकायचं होतं. छळ, टोमणे, काहीतरी.

"काहीच नाही. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणे, घरात मोजे घालायची गरज नाही. मंग लय दिवस बोललीच नाही. देवघरात बसून राहे." आणि पिशवीतून बाहुली काढली. "हे त्याइनं दिली. तुले सांगाले लावलं का घागरा आखूड झाला होता."

बाहुलीच्या घागऱ्याला खालून पट्टी जोडली आहे. हिरवी, जरीची. लग्नातल्या तिच्या लुगड्याचाच काठ, मी ओळखला. बोटभर रुंद, बारीक टाक्यांनी शिवलेली. घोटा पूर्ण झाकला गेला.

म्हणजे मलाच धडा! झाक म्हणे. मी उघडं केलं म्हणून मीच वाईट. वंदना गेल्यावर ब्लेड घेतलं आणि पट्टी टराटरा उसवून काढली. फेकणार होते, पण जरीचा काठ चांगला आहे, डब्यात टाकली.

१९ ऑक्टोबर

तिगावचं स्थळ आलं आहे. बिजवर नाही. मुलगा रेल्वेत आहे, देवीदास नाव. मुलाची आई फोटो पाहून हो म्हणाली, मग कोणीतरी कानात सांगितलंच. निरोप आला: "पोरीच्या पायाचं जे ऐकून राहिलो ते खरं आहे का, समोर येऊन विचारू." दिवाळीनंतर येणार.

या वेळी मी बाबांचं ऐकणार नाही. आईचंही नाही. चहाचा ट्रे खाली ठेवायचा आणि सरळ सांगायचं: कोड वंदनाला आहे, सौसरच्या सुधाकरच्या बायकोला. विचारा जाऊन. तिचा डाग आता उघडाच आहे. शपथ गेली खड्ड्यात. लोक जळकी म्हणोत, एकदा नाव फुटलं की सौसरला आग लागेल आणि मी इथे बसून शेकेन.

वाक्य पाठ केलं आहे. चारदा म्हणून पाहिलं. आवाज कापत नाही.

९ नोव्हेंबर

तिगावची माणसं आली. मी ट्रे ठेवला, तोंड उघडलं. मुलाची आई, शेवंताबाई तिचं नाव, आधीच म्हणाली, "बस पोरी. आमाले काही विचारायचं नाही." परवा सौसरच्या मनकर्णाबाई, या स्थळाचं कानावर आलं तशा, त्यांच्या घरी जाऊन आल्या म्हणे, बसने, एकट्या. ओसरीत घरातल्या सगळ्या बायांसमोर लुगडं गुडघ्यापर्यंत वर केलं. दोन्ही पाय पांढरे, वर गुडघ्यापर्यंत. लग्न झाल्यापासून कोणी पाहिले नव्हते, सुधाकरनेही नाही. म्हणाल्या, "त्या पोरीच्या पायाले काही नाही. मले माझंच जिथंतिथं दिसते. घरात मी एक होतीच, दुसरी आणाची हिंमत झाली नाही, म्हणून मी त्या पोरीचं नाव खराब केलं."

वंदनाचं नाव त्यांनी घेतलं नाही. माझ्या जिभेवर होतं, ते चहाबरोबर गिळलं.

डब्यातून पट्टी काढली आहे. परत शिवतेय. त्यांच्यासारखे बारीक टाके मला येत नाहीत.